वाचक विचारतात : लाख, पळस आणि राखून ठेवायचं बिहन

मागच्या अंकात पत्रावळींविषयीच्या प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहिलं होतं, की गोंदियाकडच्या काही गावांत पळस पानांइतकाच लाखेसाठी जपला जातो. त्या एका वाक्यावरून इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर लाखेलाच दिलं आहे. माझी नोकरीतली बरीच वर्षं त्याच पट्ट्यात, बचत गटांच्या बायकांबरोबर गेली. आता पुण्यात स्थायिक झाले, तरी लाखेविषयी कुणी विचारलं की मला मनापासून आनंद होतो. पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं देते.

आईची बोरमाळ नव्याने गाठवायला दिली होती. सोनारांनी दोन चेपलेले मणी उघडले, तर आत तपकिरी, ठिसूळ असं काहीतरी भरलेलं. "लाख आहे," म्हणाले. म्हणजे इतकी वर्षं आम्ही सोन्याच्या नावाखाली लाख सांभाळली का? — निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

बाई, मनातून शंका काढून टाका. यात फसवणूक नाही. बोरमाळेचा मणी पातळ पत्र्याचा, आतून पोकळ असतो. तो रिकामा ठेवला तर एखाद्या लग्नात गर्दीत दाबला गेला तरी चेपेल. म्हणून आत लाख भरतात. ती ऊब लागली की मऊ होते, मण्याच्या कानाकोपऱ्यात बसते आणि थंड झाली की घट्ट होऊन पत्र्याला आतून आधार देते. सोन्यावर तिचा काही परिणाम होत नाही. थोड्या सोन्यात भरदार दागिना घडवायची ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. दागिना मोडताना किंवा बदलताना वजन लाख काढूनच झालं पाहिजे, आणि पावतीवर एकूण वजन व निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. दुसरं म्हणजे लाख भरलेला दागिना उकळत्या पाण्यात टाकू नका. आतली लाख मऊ होऊन भोकातून बाहेर येते आणि मणी पुन्हा पोकळ होतो. रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

औषधाच्या गोळ्यांवर, चकाकणाऱ्या सफरचंदांवर लाखेचा थर असतो असं वाचलं. लाख किड्यापासून होते. मग उपवासाला ते सफरचंद चालेल का? आणि किडे मारूनच लाख काढतात का? — गृहिणी, बाणेर

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर खरं तेच द्यायला हवं.

लाखेचा किडा, शास्त्रीय नाव केरिया लॅका, जन्मतो तेव्हा जेमतेम अर्धा मिलिमीटर, लालसर ठिपक्याएवढा. बिहनाच्या, म्हणजे बियाण्यासारख्या राखलेल्या जिवंत लाखेच्या, काडीतून अशी हजारो पिल्लं बाहेर पडतात, कोवळ्या फांदीवर चालत जातात आणि रस मिळेल तिथे सोंड खुपसून बसतात. मादी एकदा बसली की पुन्हा उठत नाही. तिचे पाय, डोळे, मिशा झडून जातात. रस पिते आणि अंगातून राळ सोडते, ती राळ तिच्याभोवती घट्ट होते. शेजारशेजारच्या माद्यांच्या राळेचं मिळून फांदीवर कवच तयार होतं. त्या कवचाच्या आतच ती अंडी घालते, पिल्लं बाहेर पडतात, आणि ती तिथेच मरते. पीक पूर्ण होऊ दिलं आणि पिल्लं नव्या फांदीवर गेल्यावर काडी खरवडली, तर आत मेलेल्या माद्यांची रिकामी घरं असतात. पण लाख कच्ची कापली, तर किडा जिवंत असतानाच खरवडला जातो. बाजारात दोन्ही तऱ्हेची लाख येते आणि सफरचंदावरचा थर कोणत्या लाखेचा हे तुम्हाला-मला ओळखता येणार नाही.

पाकिटावर 'ई ९०४' असं लिहिलं असेल तर ती लाख समजा. गोळ्या-चॉकलेटांच्या चकचकीत कवचातही ती असते. साध्या पाण्यात लाख विरघळत नाही, त्यामुळे सफरचंद धुऊन थर जाणार नाही. साल काढा, प्रश्न मिटला. उपवासाचं म्हणाल तर तो प्रत्येकाच्या घरचा नियम. मी स्वतः चतुर्थीला असं सफरचंद खाते. ज्या घरात मध आणि रेशमी सोवळं चालतं, तिथे लाखेनं उपवास मोडावा असं मला वाटत नाही. पूर्वी लग्नात नवरीच्या पायाला लावायचा अळिताही लाखेच्याच रंगाचा असे.

आजोबांच्या शिसवी कपाटाला पुन्हा पॉलिश करायचं आहे. सुतार म्हणतो, चपडा विसरा, पीयू मारा, वीस वर्षं बघायला नको. तुमचं काय मत? — कोथरूड

चपडा म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचे पापुद्रे आणि पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. सुताराचं चुकीचं नाही. पीयू पाण्याला, उष्णतेला जास्त टिकतं. चपड्याच्या पॉलिशवर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, आणि स्पिरिट किंवा अत्तर सांडलं तर थर सुटतो. जेवणाच्या टेबलाला मी चपडा सुचवणार नाही. पण आजोबांचं कपाट पाण्यात बसणार नाही. चपड्याचा मोठा गुण असा की नवा हात जुन्या थरात मुरतो. ओरखडा आला तर तेवढ्याच जागी दुरुस्ती होते. पीयू एकदा सोलायला लागलं की अख्खं घासून काढावं लागतं, आणि शिसवावर वरचेवर मशीन फिरवणं म्हणजे लाकूडच झिजवणं. तुमच्या कपाटावर बहुधा आधीपासून चपडाच असेल. आतल्या कोपऱ्यात, दिसणार नाही अशा ठिकाणी, स्पिरिटचा बोळा फिरवून बघा. चिकट झालं तर चपडा.

रविवार पेठेत रंगसामानाच्या दुकानांत तयार पॉलिशची बाटली न घेता सुट्टा चपडा मागा. पातळ, पारदर्शक पापुद्रे असतात, रंग मधासारख्या पिवळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत. स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत ठेवला की विरघळतो. लागेल तेवढाच करा. भिजवलेलं पॉलिश काही महिन्यांत जुनं होतं आणि मग लाकडावर नीट वाळत नाही.

हे पापुद्रे हातांनी होताना ज्यानं पाहिले तो ते विसरत नाही. काडीवरून खरवडलेली लाख दळून, धुऊन, रंगाचं पाणी काढून टाकलं की दाणेदार लाख मिळते. ती कापडाच्या हातभर नव्हे, चांगल्या कित्येक हात लांब नळीसारख्या पिशवीत भरतात. पिशवीचं एक टोक निखाऱ्यांच्या भट्टीसमोर धरून एकजण दुसऱ्या टोकाकडून तिला पीळ देत जातो. वितळलेली लाख कापडातून पाझरते. ती गरम पाणी भरलेल्या गोल भांड्यावर पसरतात, आणि अजून मऊ असतानाच कारागीर ती चादर उचलून दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दात यांत धरून ताणतो, इतकी की तिच्यातून पलीकडचं दिसावं. थंड झाली की मोडून पापुद्रे. बंगालमधलं पुरुलिया जिल्ह्यातलं बलरामपूर या कामासाठी नावाजलेलं. आता बरंच काम यंत्रांवर होतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रामोफोनच्या तबकड्यांत लाख असायची, पुढे प्लास्टिकच्या आल्या आणि लाखेची मोठी मागणी गेली. त्यात कृत्रिम रेझिनं आली. म्हणून म्हणते, तुमच्यासारख्या एकेका घरानं चपडा मागितला तर ती मागणी थेट एखाद्या पळसाच्या झाडापर्यंत पोचते. कपाटाला चपडाच करा.

माझं गाव गोंदिया जिल्ह्यात देवरी तालुक्यात आहे. आमच्या धुऱ्यांवर साठेक पळस, काही बोरी आहेत. बाबा पूर्वी लाख घ्यायचे. मग भाव पडला, एका उन्हाळ्यात किडाच जळाला, नंतर बिहन मिळेना. आता ते पळस जळणासाठी विकायचं म्हणतात. मी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. लाख पुन्हा सुरू करायला सांगू का? — नारायण पेठेतला एक विद्यार्थी

हो, सांग. आणि झाडं विकू नका हे आज रात्रीच फोन करून सांग.

लाखेचा खरा उपयोग तिच्या वेळेत आहे, हे तुला घरी राहून माहीत असेलच. तुमच्या पळसावर रंगिनी जातीचा किडा येतो. त्याची दोन पिकं: कतकी जुलैत बांधायची आणि दिवाळीच्या आगेमागे काढायची, बैसाखी दिवाळीच्या सुमारास बांधायची आणि जून-जुलैत काढायची. म्हणजे एक पैसा सणाला हातात येतो आणि दुसरा नेमका रोवणीच्या तोंडावर, बियाणं-खताच्या दिवसांत, जेव्हा धानाचा पैसा कधीच संपलेला असतो. त्या वेळी सावकाराच्या दारी न जाता बांधावरच्या झाडावरून चार पैसे निघणं, याची किंमत किलोच्या भावात मोजता येत नाही. मी ज्या घरांमध्ये बसले-उठले, तिथे लाखेची कुणी श्रीमंती सांगितली नाही. मुलीच्या वह्या, सासूचा चष्मा, नांगरणीच्या ट्रॅक्टरचं भाडं, असलीच नावं निघायची.

आता बिहन का मिळालं नाही ते बघ, कारण सगळं तिथेच अडतं. बिहन म्हणजे पिल्लं सोडायच्या बेतात असलेली लाखेची जिवंत काडी. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, घरात पैसा नाही, ऊन वाढतंय, किडा मरेल ही धास्ती. व्यापारी दारात येतो. माणूस बैसाखी कच्चीच कापून देतो. त्याला 'अरी' म्हणतात. एका घरानं असं केलं तर चालून जातं. अख्ख्या गावानं केलं की जुलैत कुणाकडेच बिहन नसतं, आणि मग ते शेजारच्या राज्यातून, दामदुप्पट भावानं, वाटेत अर्धं मेलेलं आणावं लागतं. तुझ्या बाबांवर हीच वेळ आली असणार. त्यात त्यांचा दोष नाही. पोट आणि ऊन एकाच वेळी आलं की असं होतं.

म्हणून पहिली गोष्ट ही: काही झाडं विक्रीची नाहीत, ती बिहनाची. कोणती? बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवरचे, नाल्याकाठचे पळस, जिथे उन्हाळ्यात मुळाला ओल राहते आणि दुपारनंतर सावली येते. भर माळावरच्या झाडावर मे महिन्यात किडा जळतो तेव्हा पाळीवरच्या झाडावर तो बऱ्याचदा तग धरतो. ती पाच-सहा झाडं हेरून त्यांना चुन्याची खूण करा. कितीही अडचण आली तरी त्यांना मेमध्ये कोयता लागता कामा नये. हे घरातल्या सगळ्यांसमोर ठरवा, आईसमोर तर नक्कीच. माझ्या पाहण्यात बिहन टिकलं ते बाईच्या हट्टानं.

दुसरी गोष्ट, सुरुवात जुलैत करू नका. तेव्हा बिहन महाग आणि दुर्मिळ असतं. कतकी निघते तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते सहज मिळतं, तेव्हा घ्या. त्यासाठी एप्रिलमध्ये छाटणी हवी, कारण किडा फक्त कोवळ्या फुटीवर बसतो आणि पळसाला तशी फूट यायला सहा महिने लागतात. करंगळीएवढ्या फांद्या बुडापासून काढायच्या, अंगठ्याएवढ्या फूट-दीड फूट ठेवून. जाड फांदीला हात लावायचा नाही. सगळी साठ झाडं एकदम छाटू नका. पहिल्या वर्षी दहा-पंधरा पुरेत, आणि पुढे आळीपाळीनं, म्हणजे काही झाडांना दर वेळी विसावा मिळेल.

काडी केव्हा कापायची हे डोळ्यांनी शिकायचं आहे. भिंग घेऊन बघ. मादीच्या कवचावर एका बाजूला पिवळा ठिपका दिसू लागतो आणि दिवसागणिक पसरतो. ठिपका पसरला म्हणजे पिल्लं निघायला थोडेच दिवस राहिले. त्याआधी कापलेलं बिहन फुकट जातं. कापल्यावर वीतभर काड्या करून, साठ मेशच्या नायलॉन जाळीच्या पिशवीत घालून फांदीच्या बेचक्यात बांधायच्या. जाळीतून पिल्लं बाहेर पडतात, पण लाख खाणारे पतंग आणि त्यांच्या अळ्या आतच अडकतात. तीन आठवड्यांच्या आत पिशवी उतरवायची. उरलेल्या काडीला तुमच्याकडे फुंकी म्हणतात, तीही खरवडून विकता येते. पुष्कळ जण फुंकी झाडावरच विसरतात आणि तिथूनच शत्रूकीड सगळ्या झाडावर पसरते. शेजारच्या बांधीत धानावर फवारणी असेल तर वाऱ्याचा अंदाज घ्या, कीटकनाशकाला आपला किडा आणि परका किडा कळत नाही.

खरवडलेली ओली लाख पोत्यात कोंबू नका. ढिगात तापून तिचे गठ्ठे होतात आणि व्यापारी भाव पाडतो. सावलीत पातळ पसरून, रोज हलवून वाळवा. वजन घटेल, पण सौदा बरोबरीचा होईल.

भावाबद्दल. तो तुझ्या बाबांच्या हातात नाही, कारण तो परदेशातल्या मागणीवरही हलतो. पण २०१३-१४ पासून केंद्र सरकारच्या गौण वनोपजाच्या आधारभाव योजनेत लाख आहे. २०२० च्या मे महिन्यात रंगिनीचा आधारभाव किलोला २०० रुपये आणि कुसमीचा २७५ रुपये केला गेला. (कुसमी म्हणजे मुळात कोशिंबाच्या झाडावरची, आपल्या करडईचा इथे संबंध नाही.) योजना असणं आणि गावात खरेदी होणं यांत अंतर आहे, ते तू जाणतोस. तरीही हा आकडा तोंडपाठ असलेला माणूस हाटात वेगळ्या आवाजात बोलतो. आणि गावाच्या जंगलातल्या पळसांवर लाख घ्यायची असेल, तर २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येतच लाखेचं नाव आहे. ग्रामसभेचा सामूहिक दावा मंजूर आहे का ते बघ. तू स्पर्धा परीक्षेसाठी हा कायदा वाचलाच असशील. एकदा तो घेऊन गावच्या ग्रामसभेत बस.

शेवटचं, एकट्यानं करू नका. चार-पाच घरं मिळून सुरू करा. एकाचं बिहन जळालं तर दुसऱ्याकडून मिळतं, आणि माकडं हाकायलाही माणसं लागतात.

शिरूरजवळ माझी पाच एकर जमीन आहे. पाच-सहा बोरी बांधावर आहेत. लाखेच्या शेतीतून एकरी मोठं उत्पन्न मिळतं असा व्हिडिओ पाहिला. नोकरी सांभाळून करता येईल का? — संगणक अभियंता, हडपसर

माझा सल्ला, करू नका.

बिहन ही जिवंत वस्तू आहे. कापल्यावर थोड्या दिवसांत ती झाडावर लागलीच पाहिजे, आणि तुमच्यासाठी ती ८००-९०० किलोमीटरवरून येणार. पिवळा ठिपका बघायला शनिवार-रविवारची वाट पाहून चालत नाही. तयार लाख विकायला पुण्याच्या आसपास बाजार नाही. बोरी फळासाठी छाटायच्या की लाखेसाठी, हाही प्रश्न येईल, कारण लाखेनं भरलेल्या फांदीवर फळ बेताचंच धरतं. लाख परवडते ती ज्यांची झाडं आधीच उभी आहेत, घर शेजारी आहे आणि मजुरी घरचीच आहे, त्यांना. त्या व्हिडिओतल्या हिशोबात बिहनाचा खर्च आणि एका जळालेल्या उन्हाळ्याचा तोटा धरला होता का, ते पुन्हा एकदा बघा.

तरीही ओढ असेल, तर पैसे गुंतवण्याआधी रांचीला जा. तिथे नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. आधीची भारतीय लाख संशोधन संस्था, आताचं नाव राष्ट्रीय द्वितीयक कृषी संस्था. शेतकऱ्यांसाठी तिथे प्रशिक्षण असतं. सेमिअलाटा नावाच्या झुडपावर, शेतात ओळीनं लावून, पाणी देऊन कुसमी लाख कशी घेतात तेही तिथे बघता येईल. शिरूरच्या जमिनीचा विचार करायचाच असेल तर त्या झुडपाचा करा, पण आधी शे-दोनशे रोपांवर, आणि बिहन कोण, कोणत्या तारखेला, कसं पोचवणार हे लेखी ठरल्यावरच.